मुद्दाम वाईट दिलेली परीक्षा

“आजाराचं नाव मी सांगू शकते,” डॉ. ओंग म्हणाल्या, “पण खात्री आज देता येणार नाही. नक्की तोच होता की नाही, हे माणूस गेल्यानंतर मेंदू तपासूनच कळतं.”

माझा नवरा योनास माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला होता. त्याच्या मेंदूबद्दल, त्याच्यासमोर हे बोलणं चाललं होतं आणि तो शांतपणे मान हलवत होता. आजाराचं नाव ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी सिंड्रोम. डोक्याला वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा मार बसला की काही लोकांचा मेंदू पुढे हळूहळू झिजत जातो, त्याची ही लक्षणं: विसरणं, शब्द न सुचणं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका क्षणात भडकणं. औषधं आहेत ती लक्षणांवर. झीज थांबवणारं काही नाही. मी वहीत भराभरा लिहून घेतलं आणि खंडीभर प्रश्न विचारले. योनासने एकही विचारला नाही.

ह्याच खोलीत सात महिन्यांपूर्वी आम्ही वेगळंच ऐकलं होतं, आणि बाहेर पडून फिश सूप खाऊन चक्क आनंद साजरा केला होता. त्या सात महिन्यांत काय झालं ते लिहायला बसले आहे. स्वतःची बाजू सावरून घ्यायची नाही असं ठरवलंय. बघू कितपत जमतं.

मी मेधा. मूळची पुण्याची, सिंगापुरात बारा-तेरा वर्षं झाली. बुओना व्हिस्टाला एका संशोधन कंपनीत औषधांच्या चाचण्यांची माहिती तपासते. म्हणजे उपचाराआधी रोग्याची स्थिती काय होती आणि नंतर काय झाली, हे आकडे दिवसभर शेजारी शेजारी ठेवून बघत बसते. हे आत्ताच सांगते, कारण पुढे माझीच फजिती आहे.

योनास स्वीडनचा, पंचेचाळीस वर्षांचा. आम्हाला नऊ वर्षांची मुलगी आहे, इरा. ती त्याला पप्पा म्हणते. स्वीडिशमध्येही तोच शब्द असल्यामुळे त्यावर कुणाची तक्रार नव्हती. आम्ही क्वीन्सटाउनला एका जुन्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्यावर भाड्याने राहतो. तिघंही माझ्या नोकरीच्या पासवर. मी नोकरी सोडली तर तिघांना देश सोडावा लागेल. म्हणून इरा झाल्यापासून घर योनासने सांभाळलं, आणि माझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं सांभाळलं. इरा शाळेतून दुपारी दोनला यायची, मी साडेसहाला. मधले साडेचार तास ती आणि तिचे पप्पा. ह्या आजारात आमच्या घरापुरता प्रश्न एकच होता: ते साडेचार तास योनासने तिच्याजवळ एकटं असावं की नाही.

तो आइस हॉकी खेळायचा, पोटापाण्यासाठी. त्याचं नाव तुम्ही ऐकलं असण्याचा प्रश्नच नाही, स्वीडनमध्येही फार लोकांनी ऐकलेलं नाही. उत्तरेकडच्या एका लहान गावात सुरुवात केली, मोठ्या संघात जागा मिळेना, तेव्हा विसाव्या वर्षी बाहेर पडला. नॉर्वे, डेन्मार्क, जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, परत जर्मनी, शेवटी जपान. करार एकेका मोसमाचा. तो बचावपटू होता. अंगावर वेगात येणाऱ्या माणसाला खांद्याने धडकून कडेच्या भिंतीवर दाबायचं, हे त्याचं काम. त्या धडकेला ‘चेक’ म्हणतात आणि ती नियमात बसते.

परदेशातून आणलेल्या खेळाडूची गोष्ट वेगळी असते. प्रत्येक क्लबला असे मोजकेच घेता येतात. त्यातला एक जायबंदी झाला की क्लब लगेच दुसरा मागवतो आणि पहिल्याला घरी पाठवतो. योनासला असं दोनदा पाठवलं होतं, एकदा गुडघ्यामुळे आणि एकदा खांद्यामुळे. दुसऱ्या वेळी त्याच्या जागी आलेला माणूस सामान घेऊन दारात उभा होता आणि हा अजून पेटी भरत होता. हे तो हसत हसत सांगायचा. मीही हसायचे. पासवर जगणाऱ्या माणसाला खरं तर ते लगेच समजायला हवं होतं.

खेळणं सुटल्यावर तो इथल्या बर्फाच्या छोट्या रिंकवर मुलांना शिकवायला आला. आमच्या ऑफिसची सहल तिथे गेली होती, मी बर्फावर सपशेल आडवी झाले आणि त्याने मला उचललं. बाकीचं तुम्ही ओळखलं असेलच.

पहिलं लक्षण कुठलं, असं सगळे विचारतात. मला आठवतं ते हॉकर सेंटरमधलं, म्हणजे इथे एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या आणि सगळ्यांची टेबलं असतात तिथलं. रविवारची सकाळ होती. योनास दोन कप कॉफी आणायला गेला, घेऊन आला, आणि सरळ दुसऱ्याच टेबलापाशी जाऊन बसला. तिथे एक भारतीय बाई आणि तिची मुलगी होती. त्याने कॉफी त्या बाईसमोर ठेवली, साखर ढवळून दिली आणि स्वतःची प्यायला लागला. ती बिचारी ताठ बसून राहिली. इरा हसून हसून टेबलाखाली जायची बाकी होती. पुढचे दोन महिने ही गोष्ट आम्ही येईल त्याला सांगितली. मी तर नक्कल करून दाखवायचे.

मग कोपऱ्यावरच्या दुकानातल्या अंकलशी तो एकदा जर्मनमध्ये बोलला. शिकायला येणाऱ्या मुलांची नावं त्याला आठवेनात. शेजारच्या फ्लॅटमध्ये ड्रिल चालू झालं की तो बाथरूममध्ये जाऊन कानावर टॉवेल दाबून बसायचा. एका संध्याकाळी भाताचं झाकण सापडेना म्हणून त्याने कपाटाचं दार असं आपटलं की ते बिजागरीसकट हातात आलं. त्यानंतर तासभर बसून त्याने ते दुरुस्त केलं आणि इराची माफी मागितली. शिकवणं सोडलं, कारण म्हणे गुडघे दुखतात.

मी काय केलं? मी झाकपाक केली. पुण्याला आईला सांगितलं की त्याला इथला उकाडा बाधतो. ऑफिसात अवाक्षर काढलं नाही. ईस्ट कोस्टला आम्हा मराठी मंडळींचं महिन्याला जमणं असतं, तिथे तो सगळ्यांकडे पाठ करून, कानात बोळे घालून समुद्राकडे बघत बसायचा. कुणी विचारलं की मी म्हणायचे, “स्वीडिश आहे ना तो, त्यांच्यात असंच असतं.” हे वाक्य मी वर्षभर वापरलं. लोकांना पटायचंही.

शेवटी फॅमिली डॉक्टरांनी न्यूरोलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. त्या डॉ. ओंग. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. रक्ताच्या तपासण्या झाल्या: थायरॉइड, बी-ट्वेल्व्ह, सगळं ठीक. एमआरआय झाला. त्यात किरकोळ बदल होते, पण त्यावरून ठामपणे काही म्हणता येत नव्हतं. डोक्याला किती वेळा मार लागला, असं विचारल्यावर योनास म्हणाला, दोन-तीनदा.

मग न्यूरोसायकॉलॉजिकल टेस्टिंग. ही मेंदूच्या कामाची लेखी-तोंडी परीक्षा असते, तीन तासांची. शब्दांची यादी वाचून दाखवतात आणि वीस मिनिटांनी परत विचारतात. आकडे उलटे म्हणायला लावतात, आकृती बघून काढायला सांगतात. मी बाहेर प्रतीक्षागृहात बसून भिंतीवरच्या पडद्यावर सरकणारे नंबर बघत राहिले. तो बाहेर आला तेव्हा त्याचा शर्ट घामाने भिजला होता, आणि आत एसी होता.

अशी परीक्षा पूर्वी कधी झाली असेल तर तुलना करायला बरं, असं डॉ. ओंग म्हणाल्या होत्या. झाली होती. हॉकीच्या क्लबांमध्ये मोसमाच्या सुरुवातीला संगणकावर अशीच छोटी परीक्षा घेतात, तिला बेसलाइन टेस्ट म्हणतात. डोक्याला मार लागला की ती परत द्यायची. पहिल्याइतके गुण मिळाले तरच खेळायला परवानगी.

माझ्यातली पुणेकरीण जागी झाली. जर्मनीतल्या क्लबला मी ईमेल पाठवली, स्मरणपत्रं पाठवली, योनासची संमतीची सही घेऊन पाठवली. सही करताना तो काही बोलला नाही. तीन आठवड्यांनी पंधरा वर्षांपूर्वीचा चार पानी अहवाल आला. मी तो छापला, फाइलला लावला, रंगीत खुणेच्या पट्ट्या चिकटवल्या. इतकी नीटनेटकी फाइल क्वचित बघायला मिळते, असं डॉ. ओंग म्हणाल्या, आणि मी फुशारले.

निकाल त्या फाइलीवरच लागला. योनासची स्मरणशक्ती आणि विचारांचा वेग सरासरीच्या खाली होता, पण पंधरा वर्षांपूर्वीही जवळजवळ तेवढाच होता. “घसरण दिसत नाही,” डॉ. ओंग म्हणाल्या. खेळ संपलेल्या बऱ्याच खेळाडूंना नैराश्य येतं, झोप बिघडते, चिडचिड वाढते. त्यांनी नैराश्याची गोळी लिहून दिली, समुपदेशकाचं नाव दिलं, वर्षभराने परत या म्हणाल्या.

माझा जीव भांड्यात पडला. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, उभ्या उभ्या योनासने माझ्यासमोर मूठ धरली, खेळाडू एकमेकांच्या मुठीला मूठ लावतात तशी. “क्लिअर,” तो म्हणाला. टीमचा डॉक्टर खेळायला सोडतो तेव्हा वापरायचा हा शब्द. गंमत करतोय असं समजून मीही मूठ लावली. वर्षभरात तो इतका खुश दिसला नव्हता.

पुढचे महिने मी फार वाईट वागले. पूर्वी काळजी वाटायची म्हणून गप्प बसायचे, आता हातात कागद होता. दूध उतू गेलं, इराला आणायला उशीर झाला, तेच वाक्य तिसऱ्यांदा बोलला की मी म्हणायचे, तुला काहीही झालेलं नाही, डॉक्टरांनी सांगितलंय. नैराश्य हा आजार आहे हे मला कळत होतं. तरी हे वाक्य मी किती वेळा त्याच्या तोंडावर फेकलं याची गणती नाही. तो ऐकून घ्यायचा. गोळ्या घेत होता, समुपदेशकाकडे जात होता, आणि तरी भडकण्याचं प्रमाण वाढत होतं. इरा घरात हळू चालायला शिकली. तेही मी बघितलं आणि मुलगी शहाणी होतेय असं मनाशी म्हटलं.

एका गुरुवारी दुपारी मी मीटिंगमध्ये असताना योनासचा फोन आला. इराच्या खांद्याला लागलंय, टॅक्सीने हॉस्पिटलला नेतोय, तू तिकडेच ये. एवढंच.

मी पोहोचले तेव्हा ती पलंगावर होती, हात छातीशी बांधलेला. गळपट्टीचं हाड मोडलं होतं. खांद्यापासून गळ्यापर्यंत आडवं येतं ते. एक तरुण डॉक्टर तिला हळुवारपणे विचारत होता, कसं झालं. इराने एकदा पप्पाकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

“आय फेल डाउन लाह,” ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. “कॉरिडॉर वेट, माह.”

आठवडाभरात पावसाचा थेंब नव्हता. आमचा कॉरिडॉर खडखडीत कोरडा होता. मला ते त्याच क्षणी कळलं आणि मी तोंड उघडलं नाही. उलट तिच्या कपाळावरचे केस मागे सारत उभी राहिले.

“ती पडली नाही,” योनास म्हणाला. “मी मारलं तिला.”

ती कॉरिडॉरमध्ये, आमच्या दाराबाहेरच्या लोखंडी गेटवर चेंडू आपटत होती. त्याने दोनदा थांब म्हणून सांगितलं. चेंडू घरंगळत त्याच्या पायाशी गेला म्हणून ती मागून धावत आली, आणि तो पावलांच्या आवाजाकडे खांदा पुढे काढून वळला. सगळं वजन घालून. नऊ वर्षांच्या मुलीला त्याने चेक केलं आणि ती लोखंडी गेटवर जाऊन आदळली.

घरात मोठ्या माणसाकडून मुलाला इजा झाली की इथे हॉस्पिटलची मेडिकल सोशल वर्कर येते. मूल सुरक्षित आहे की नाही हे पाहणारी समाजसेविका. आमच्याकडे आल्या त्या फरीदा. डोक्याला रुमाल, आवाज मऊ, आणि प्रश्न एकही मऊ नाही. इराला तीन दिवस ठेवून घेतलं. तिच्याशी वेगळं बोलल्या, माझ्याशी वेगळं, योनासशी वेगळं. तिसऱ्या दिवशी आम्हा दोघांना समोर बसवलं. डॉ. ओंग यांचा पाच महिन्यांपूर्वीचा अहवाल त्यांच्या हातात होता. त्यांचं म्हणणं सरळ होतं. मेंदूत घसरण नाही असं इथे लिहिलंय, म्हणजे हा रागाचा प्रश्न धरावा लागेल, आणि मग योनासने काही काळ दुसरीकडे राहावं हा एक पर्याय आहे.

योनासने त्या कागदावर बोट ठेवलं.

“तो जुना पेपर खोटा आहे,” तो म्हणाला. “मी मुद्दाम वाईट दिला होता.”

मला वाटलं, तो गोंधळलाय. पण तो कधी नव्हे इतकं सलग बोलला. मोसमाच्या सुरुवातीची परीक्षा सगळेच वाईट द्यायचे. बाहेरून आलेले तर हमखास. सुरुवातीलाच गुण कमी असले की मार लागल्यावर तेवढे सहज मिळतात, आणि डॉक्टर खेळायला सोडतो. फार वाईट दिली तर संगणक पकडतो, म्हणून बेतानं चुकायचं. आठवणारे शब्द सोडून द्यायचे, बटण जरा उशिरा दाबायचं. पहिल्या वर्षी नॉर्वेत त्याला हे एका वयस्कर खेळाडूने शिकवलं, आणि पुढे त्याने कितीतरी नवीन पोरांना शिकवलं. डोक्याला मार दोन-तीनदा लागला नव्हता. त्याला आठवतात ते अकरा. ऑस्ट्रियातल्या एका सामन्यात आपला गोल कुठल्या बाजूला आहे हे त्याला समजत नव्हतं आणि त्याने उरलेला सामना खेळून काढला. डॉक्टरने विचारलं तर एकच उत्तर ठरलेलं, पाय घसरून पडलो.

“परवा इरा तेच बोलली,” तो म्हणाला. “माझ्याच आवाजात.”

फरीदा लिहायच्या थांबल्या. मी म्हटलं, पाच महिन्यांपूर्वी तू त्या खोलीत बसला होतास. डॉक्टर घसरण नाही म्हणाल्या. तेव्हा का नाही बोललास?

“नापास झालो असतो तर परत पाठवलं असतं.”

“कुणी?”

“तू.”

मला दया आली असं लिहिलं तर ते खोटं ठरेल. मला संताप आला. ती सही त्याने केली होती, ती फाइल मी माझ्या हातांनी सजवली होती, आणि माझ्या मुलीचं हाड मोडलं होतं. ज्या बाईला रोज आठ तास जुन्या आकड्यांवर शंका घेण्याचा पगार मिळतो, तिने हे आकडे डोळे झाकून डॉक्टरांपुढे ठेवले होते. मी खोलीबाहेर गेले, जिन्यात उभी राहून रडले, तोंड धुतलं आणि परत आले. त्याला परत पाठवायचा विचार माझ्या मनात त्याआधी कधीच आला नव्हता. त्या जिन्यात मात्र आला होता.

पुढे सगळं नव्याने. डॉ. ओंग यांनी जुना अहवाल बाजूला ठेवला. “मी त्या कागदावर जास्त विश्वास ठेवला,” त्या म्हणाल्या. डॉक्टरच्या तोंडून असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. खेळायच्या आधी हा माणूस कसा होता याचा दुसरा काही पुरावा आहे का, असं त्यांनी विचारलं. योनासच्या पिढीच्या स्वीडिश मुलांना अठराव्या वर्षी सैन्यभरतीसाठी बुद्धीची चाचणी द्यावी लागायची. त्याच्या बहिणीने माळा उपसून तो कागद आणि शाळेची प्रगतिपुस्तकं पाठवली. पाणबुडीवर जायचं त्याच्या मनात होतं, त्यामुळे ती चाचणी त्याने जीव तोडून दिली होती. निकाल बघून मी थक्क झाले. माझ्यापेक्षा हुशार होता तो. अशा माणसाशी आपली ओळखच झाली नाही, असं मनात आलं.

तीन तासांची परीक्षा परत झाली. ह्या वेळी बाहेर आल्यावर तो म्हणाला, सगळी खरी उत्तरं दिली. त्या अठराव्या वर्षीच्या कागदाशेजारी ते गुण ठेवले तेव्हा घसरण कुणालाही दिसली असती. मग डॉ. ओंग यांनी आम्हाला बोलावलं आणि सुरुवातीला लिहिलं ते नाव सांगितलं.

माझे प्रश्न संपल्यावर योनास बोलला. त्याला विचारायचं काही नव्हतं, सांगायचं होतं.

“मला इराजवळ एकटं ठेवायचं नाही. हे रिपोर्टमध्ये लिहा.”

हे घरच्यांनी आणि फरीदांनी मिळून ठरवायचं असतं, असं डॉ. ओंग यांनी समजावलं. तो हटला नाही. आज मी कबूल आहे, तो म्हणाला, पण उद्या कबूल होतो हेच विसरेन, आणि मग मेधाशी भांडेन. तेव्हा तिच्या हातात तुमच्या सहीचा कागद असू दे. डॉ. ओंग यांनी माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. त्यांनी ते टाइप केलं, छापलं, आणि योनासने दोनदा वाचून घडी घातली. फरीदांनी त्या कागदाच्या आधाराने पुढची योजना आखली. तो घरात राहील, पण तिच्याबरोबर एकटा कधीच नाही. दर दोन आठवड्यांनी त्या स्वतः येऊन पाहतील.

आता इरा शाळा सुटल्यावर स्टुडंट केअरमध्ये जाते. शाळेतच मुलांना संध्याकाळपर्यंत सांभाळतात. मी ऑफिसात खरं सांगितलं. माझ्या मॅनेजरने मला पाचला निघायची मुभा दिली आणि नंतर कधी उगाच चौकशी केली नाही. पुण्याला आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, “तो जेवतो ना गं नीट?” आणि मी फोनवर लहान मुलीसारखी रडले. ईस्ट कोस्टच्या मंडळींनाही सांगितलं. त्यांच्यातले एक मरीन इंजिनियर आता बोटीवरून सुट्टीला आले की योनासला घेऊन लांब चालायला जातात. दोघंही तासन्‌तास बोलत नाहीत आणि दोघांनाही ते मानवतं.

आइस हॉकी आपल्याकडे कोण खेळतं, असं तुम्ही म्हणाल. पण स्कूटरवरून पडून डोकं आपटलेले, आखाड्यात मानेवर आपटलेले, चेंडू लागूनही खेळत राहिलेले आपल्यातही आहेत. त्यांच्यापैकी कुणी वीस वर्षांनी विसरायला, भडकायला लागलं, तर स्वभाव म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांपुढे बसाल तेव्हा कागद न्या, पण त्या कागदावरचं खरं आहे का, हे घरी एकदा प्रेमाने विचारा. मी विचारलं नव्हतं. आणि मुलं खोटं बोलायला लागली, तर ती कुणाला वाचवतायत ते बघा.

तो बरा होणार नाही. आज चांगले दिवस वाईट दिवसांहून जास्त आहेत, हे प्रमाण उलटं होणार हेही माहीत आहे. तेव्हा काय करायचं ते मला माहीत नाही.

गेल्या महिन्यातली एक दुपार सांगते. स्टुडंट केअरमध्ये दोन मुलांना हाता-पायांवर आणि तोंडात फोड येण्याचा साथीचा आजार झाला म्हणून त्यांनी सगळ्यांना तीनलाच घरी सोडलं. मी मीटिंगमध्ये होते, फोन बंद. शाळा आमच्या ब्लॉकच्या मागेच आहे, इरा एकटी चालत घरी गेली. घरी योनास होता. मी फोन सुरू केला तेव्हा चार मिस्ड कॉल होते, दोन शाळेचे आणि दोन त्याचे. मी उलट फोन लावला तर कुणी उचलेना. स्टेशनपर्यंत पळत गेले. दोनच स्टेशनांचं अंतर आहे, पण त्या दहा मिनिटांत मी काय काय बघून घेतलं ते लिहीत नाही.

लिफ्ट अकराव्या मजल्यावर उघडली. कॉरिडॉरमध्ये भर उन्हात, आमच्या गेटबाहेर, योनास एका प्लास्टिकच्या स्टुलावर बसला होता. स्टूल शेजारच्या गोह आंटींनी आणून दिलं होतं. गेटला आतून कुलूप. आत दाराशी इरा फरशीवर मांडी घालून बसली होती आणि गजांतून त्याला वहीतलं काहीतरी वाचून दाखवत होती. तो कान देऊन ऐकत होता. ती आल्या आल्या मला दोनदा फोन लावून तो बाहेर पडला होता, तिला कुलूप लावायला सांगितलं होतं, आणि आवाज बंद केलेला त्याचा फोन गडबडीत आतच राहिला होता.

“आय टेल पप्पा कम इन,” इरा माझ्याकडे तक्रार करत म्हणाली. “मेनी टाइम्स. ही से कॅनॉट.”

योनासचा चेहरा उन्हाने लालबुंद झाला होता. किती वेळ झाला म्हणून मी विचारलं. “ती आल्यापासून,” तो म्हणाला.

इराने कुलूप काढलं. तो उठून भिंतीला लागून उभा राहिला आणि मला वाट करून दिली. मी आत गेले, इराच्या डोक्यावर हात ठेवला, मागे वळून त्याला ये म्हटलं. मग तो आत आला.